पुण्यात नवीन आलात आणि सिनेगॉगमध्ये जायचंय? मग हे वाचून जा

नोकरीसाठी नाहीतर कॉलेजसाठी ठाण्याहून, पनवेलहून, अलिबागहून आपल्या बेने इस्राएल समाजाची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, बरीच मुलं पुण्यात येतात, हिंजवडीला किंवा खराडीला फ्लॅट शेअर करून राहतात आणि सिनेगॉगची, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाची, आठवण त्यांना होते ती डायरेक्ट यॉम किप्पुरला, मोठ्या उपासाच्या दिवशी. त्या दिवशी गर्दी असते, सगळे उपाशी असतात, प्रार्थना दिवसभर चालते, नवीन माणसाकडे बघायला कोणाला वेळ नसतो, मग पोरगं मागच्या बाकावर बसून कंटाळतं आणि पुढच्या वर्षीपर्यंत गायब. म्हणून माझं पहिलंच सांगणं असं की पहिल्यांदा सणाला येऊ नका, साध्या शनिवारी या. सणाला तुम्ही गर्दीतले एक असता, साध्या शनिवारी तुमची खरंच गरज असते, ती कशी ते पुढे सांगतो.

कुठे जायचं

पुण्यात दोन जुनी सिनेगॉग आहेत. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, ज्याला अख्खं पुणं लाल देऊळ म्हणतं, आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो. लाल देऊळ डेव्हिड ससूननी बांधलं, काम १८६३ ला सुरू झालं आणि १८६७ ला संपलं, ते स्वतः मात्र १८६४ मध्येच पुण्यात वारले आणि त्यांची कबर त्याच आवारात आहे. साधारण नव्वद फुटी टॉवर आणि त्यावरचं घड्याळ, त्यामुळे रिक्षावाल्याला पत्ता सांगायची वेळ येत नाही, लाल देऊळ म्हटलं की झालं. ससून म्हणजे बगदादी ज्यू, पण आता तिथे येणारे बहुतेक आपणच, बेने इस्राएल. सुक्कथ शेलोमो १९२१ चं, आपल्याच लोकांचं, पेठेतलं असल्यामुळे जरा घरगुती वाटतं. कुठलं चांगलं असं काही नाही, घराजवळचं कुठलं आणि या आठवड्यात प्रार्थना कुठे आहे ते विचारून जा.

निघण्याआधी करायची कामं

आधी फोन करा. सरळ उठून गेटवर जाऊन उभं राहिलात तर आत सोडतीलच असं नाही, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हापासून दारावर चौकशी होतेच. आधार कार्ड किंवा पासपोर्ट जवळ ठेवा, मोठी सॅक आणू नका, आणि तुमच्या गावच्या सिनेगॉगमधल्या कोणाला तरी सांगा की इकडे एक फोन टाका. आपला समाज एवढासा आहे की एका फोनवर तुमचे आजोबा कोण ते निघतंच.

दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही, घरी फोन करून स्वतःचं हिब्रू नाव विचारून घ्या. आणि वडलांचंही. तोराह, म्हणजे आपला मूळ धर्मग्रंथ, वाचायला वर बोलावतात तेव्हा "अमुक बेन तमुक" (बेन म्हणजे मुलगा) असं पुकारतात, कागदावरचं नाव तिथे चालत नाही, आणि ऐन वेळी आईला फोन लावता येत नाही कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळच्या विश्रांतीच्या दिवशी, फोन वापरायचा नसतो.

वेळेचं म्हणाल तर शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी लागतो, मेणबत्त्या साधारण १८ मिनिटं आधी लावायची पद्धत आहे. पुण्यात डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, म्हणजे हिवाळ्यात हिंजवडीहून शुक्रवार संध्याकाळच्या प्रार्थनेला पोचायचं तर हाफ डेच टाकावा लागेल, ते ट्रॅफिक तुम्हाला माहितीये. नवीन माणसाला शनिवार सकाळच सोयीची.

शनिवारी वाहनात बसायचं नाही असा नियम आहे, आणि पुण्यात बरेच जण लांब राहतात म्हणून रिक्षाने किंवा गाडीनेच येतात हेही आहे. कोणी कसं आलं ते विचारू नका, तुम्हालाही कोणी विचारणार नाही. फक्त दारात फोन बंद करा, सायलेंट नाही, बंद.

आत गेल्यावर

कपडे साधे, अंग झाकणारे. पुरुषांनी टोपी घालायचीच, नसेल तर आत मिळते. चौकटीच्या उजव्या बाजूला मेझुझा (आत शास्त्रवचन असलेली छोटी डबी) असतो, त्याला बोटं लावून ओठांना लावायची, हे तुम्ही घरी आजीला करताना बघितलं असेलच. बायकांची बसायची जागा वेगळी असते. कुठल्याही बाकावर बसण्याआधी शेजारच्याला विचारा, कारण काही जागांवर काही आजोबा गेली कित्येक वर्षं बसतायत आणि ते काही बोलत नाहीत, नुसते उभे राहतात.

आता खरी अडचण, हातात सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, येतं आणि काही कळत नाही. पुस्तक उजवीकडून उघडतं, लोक भराभर म्हणतायत, मधेच उभे राहतायत, मधेच बसतायत. घाबरू नका, पान नंबर विचारायला लाज नाही, शेजारचे काका स्वतःहून बोट ठेवून दाखवतात. सुरुवातीला तीनच गोष्टी धरा. शेमा (देव एकच आहे ही मुख्य प्रार्थना) आला की डोळ्यांवर हात ठेवून म्हणायचा, तो तर तुम्हाला पाठ असेल, कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणवले जायचे तेव्हा बाकी बरंच विसरलं गेलं होतं पण शेमा, शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम टिकले होते. दुसरं, हेखाल, म्हणजे तोराह ठेवायचं कपाट, उघडला की उभं राहायचं. तिसरं, सेफेर तोराह, म्हणजे तोराहची गुंडाळी, जवळून नेतात तेव्हा तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं, पाठ दाखवायची नाही. बाकीचं हळूहळू येतं.

तोराह हाताने चर्मपत्रावर लिहिलेली असते, अक्षरांना स्वरचिन्हं नसतात, आणि वाचणारा बोट लावत नाही, याद नावाची काठी फिरवतो. एकदा जवळ जाऊन बघा, परवानगी मागितली तर दाखवतात. शाई थोडी उचललेली दिसते, आणि एखादं अक्षर तडकलं असेल तर ती सेफेर दुरुस्त होईपर्यंत वाचायला काढत नाहीत.

दहावा माणूस

आता गरजेचं सांगतो म्हणालो होतो ते. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असतील तर तोराह वाचन होत नाही, काद्दिश म्हणता येत नाही. काद्दिश म्हणजे आई किंवा वडील गेल्यावर मुलगा अकरा महिने म्हणतो ती प्रार्थना, आणि त्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती आहे, पण ती एकट्याने म्हणायची नाही, समोर "आमेन" म्हणणारे हवेत. समजा एखादा माणूस वडलांसाठी आलाय, नऊ जण जमलेत आणि घड्याळ पुढे सरकतंय. सगळे दाराकडे बघत असतात. अशा वेळी तुम्ही आत आलात, तुम्हाला हिब्रू येत नसेल, सिद्दूर उलटं धरलं असेल, तरी त्या माणसाचं काम झालं.

म्हणून मी म्हणतो की आधी शिकून मग जाऊ असं करू नका. आपल्यात शिकायची सुरुवात तिथे हजर राहण्यापासून होते. पिर्के आवोथ या जुन्या गुरूंच्या वचनांच्या पुस्तकात हिल्लेलचं एक वाक्य आहे, समाजापासून स्वतःला वेगळं काढू नकोस. त्यावर पुष्कळ चर्चा होते, मला त्याचा साधा अर्थ शनिवारी सकाळी नऊच्या जागी दहा असा वाटतो.

मुलींनी विचारायचा प्रश्न मला माहितीये, आम्ही मोजल्या जात नाही मग आम्ही का यायचं. आपली सिनेगॉग ऑर्थोडॉक्स पद्धतीची आहेत, मिन्यानमध्ये बायका धरत नाहीत, हे आहे असं आहे, पटत नसेल तर वाद घाला, वाद घालणं हा आपल्या शिक्षणाचाच भाग आहे. पण प्रार्थना झाल्यावरचं सगळं, म्हणजे शिकवणं, आजाऱ्यांकडे जाणं, मलिदा (गोड पोह्यांचा आपला विधी), मुलांचे कार्यक्रम, हे बायकांमुळेच चालतं, आणि तिथे काम पुष्कळ आहे.

किद्दुश आणि चौकशी

प्रार्थना संपली की पळू नका. शब्बाथ शालोम म्हणत सगळ्यांशी हात मिळवा आणि किद्दुशला, म्हणजे वाईनवरच्या आशीर्वादाला, थांबा. आपल्याकडे कोशेर, म्हणजे धर्मात चालणारी, वाईन मिळायची मारामार म्हणून मनुक्यांचं सरबत करतात, आणि ते कसं होतं ते एकदा बघून घ्याच. काळे मनुके धुऊन रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, मग त्याच पाण्यात उकळायचे, गार झाले की हाताने नीट कुस्करायचे, बिया हाताला लागतात, आणि मलमलच्या फडक्यातून पिळून काढायचं. साखर घालत नाहीत, मनुका चांगला असेल तर लागतही नाही. रंग गर्द तपकिरी येतो, चव किंचित तुरट. द्राक्षाचंच फळ असल्यामुळे त्यावर वाईनचाच आशीर्वाद म्हणतात. हे काम शनिवारी करता येत नाही, शुक्रवारीच करून ठेवावं लागतं, म्हणून कोणी विचारलं काय मदत करू तर मनुके भिजत घालतो म्हणा, मावशी खूश होतात.

तिथेच तुमची मुलाखत होते. "आडनाव काय रे तुझं?" पेणकर म्हणालात की पेण, दिवेकर म्हणालात की दिवे, अष्टमकर म्हणालात की अष्टमी, मग आईकडचं गाव, मग मामा इस्रायलमध्ये कुठे असतो, लोदला की दिमोनाला, आणि लग्नाचं काय ठरलंय. हा शेवटचा प्रश्न येणार, तयारीत राहा, हसून टाळता येतो.

घरून काही करून आणायचा मोह टाळा. तुमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये रूममेट काय शिजवतो ते कोणाला माहिती नसतं, दूध आणि मटण एकत्र नाही, कोळंबी खेकडे नाही हे सगळं सांभाळणाऱ्या लोकांना तुमचा डबा नको म्हणणं अवघड जातं. फळं द्या, आणि तीही शुक्रवारीच पोचवा.

पैशांचंही तसंच. शब्बाथला पैशाला हात लावत नाहीत, त्यामुळे शनिवारी खिशातून नोट काढून पेटीत टाकू नका, चांगल्या भावनेने केलं तरी सगळ्यांची पंचाईत होते. दान द्यायचं तर आधी किंवा नंतर. तोराह वाचनाला बोलावण्याचा वगैरे मान मिळाल्यावर रक्कम नुसती बोलतात, देतात नंतर, आणि बोललेलं विसरायचं नाही.

शिकायचं कसं

तोराहचे वर्षाला ५४ भाग पाडलेत, त्याला पराशा म्हणतात, दर आठवड्याला जगभर एकच पराशा वाचली जाते (सणांमुळे कधी मागेपुढे होतं), आणि सिम्हाथ तोराह या सणाला शेवटचा भाग संपवून लगेच पहिला सुरू करतात. तुम्ही पुढच्या शनिवारची पराशा आठवड्यात एकदा वाचून आलात, मराठी बायबलमधून वाचलीत तरी चालेल सुरुवातीला, तर शनिवारी जे कानावर पडतं त्यातलं निम्मं ओळखीचं वाटतं.

अक्षरं २२ आहेत. दिवसाला एक धरलं तरी महिन्याच्या आत होतात, अ‍ॅपवर होतात, पण अ‍ॅपवाला उच्चार इस्रायलचा असतो आणि आपले काका शब्बाथ म्हणतात तर तो शब्बात म्हणतो, गोंधळू नका, दोन्ही बरोबर.

एकट्याने वाचू नका हे महत्त्वाचं. आपल्यात जोडीने शिकायची पद्धत आहे, तिला हेव्रुथा म्हणतात, दोघं एक ओळ वाचतात आणि मग भांडतात. तालमूद, म्हणजे धर्मनियमांवरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, त्याचं पानच तसं आहे, मधे मूळ मजकूर, आतल्या बाजूला अकराव्या शतकातला भाष्यकार राशी समजावून सांगतोय, बाहेरच्या बाजूला त्याच्यानंतरचे लोक त्यालाच खोडून काढतायत, आणि सगळे एकाच पानावर नांदतायत. तालमूद लगेच हातात घेऊ नका, डोकं दुखेल. पिर्के आवोथ घ्या, छोटं आहे, सहा प्रकरणं, पेसाहचा सण झाल्यावर शनिवारी दुपारी त्यातलं एकेक वाचायची जुनी पद्धतच आहे. जोडीदार दिमोनाचा भाऊ असला तरी चालतो, बुधवारी रात्री व्हिडिओ कॉलवर अर्धा तास, पुरे.

आणि मराठीत काही नाही असं म्हणू नका. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी असलेली हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापली गेली, आपल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात अब्राहाम, योसेफ यांच्यावर मराठीत कीर्तनं रचली आणि उभं राहून केली. कोणाच्या तरी माळ्यावर अजून एखादी प्रत असते, आजोबांना विचारा, दाखवताना ते जे सांगतील ते क्लासमध्ये मिळणार नाही.

मग करायचं काय

इथे लोक थांबतात. प्रार्थना आली, अक्षरं आली, झालं असं वाटतं. पण तुमच्या शिकण्याची परीक्षा होते ती आठवड्यात.

रामबाम या धर्मपंडिताने बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या लिहिल्या. सगळ्यात खाली तोंड वाकडं करून देणारा. त्याच्या वर हसून पण कमी देणारा, मग मागितल्यावर पुरेसं देणारा, मग मागायच्या आधी देणारा, असं करत वर जात देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही इथपर्यंत. आणि सगळ्यात वर काय, तर माणसाला कर्ज देणं, भागीदारीत घेणं किंवा काम मिळवून देणं, म्हणजे त्याला परत हात पसरायला लागू नये. आता तुम्ही आयटीत आहात, तुमच्या कंपनीत रेफरल चालतं, समाजातला एखादा मुलगा वर्षभर घरी बसलाय. त्याचा सीव्ही नीट करून द्या, मॉक इंटरव्ह्यू घ्या, नाव पुढे टाका. पेटीत टाकलेल्या पाचशेपेक्षा हे वरचं आहे, मी नाही म्हणत, रामबाम म्हणतोय.

दुसरं म्हणजे आजाऱ्यांकडे आणि म्हाताऱ्यांकडे जाणं. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला, पुण्यात कितीतरी घरांत एकटे आजीआजोबा आहेत. त्यांना उपदेश नको असतो, नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला ऑनलाइन भरून हवा असतो, अंगठा मशीनवर लागत नाही म्हणून बँकेत कोणीतरी बरोबर यायला हवं असतं, व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड दिसायला हवं असतं. तास दीड तासाचं काम.

तिसरं, जीभ. लाशोन हारा म्हणजे दुसऱ्याबद्दल वाईट बोलणं, आणि ते खरं असलं तरी मनाईच, खोटं असेल तर वेगळा आणि मोठा गुन्हा. छोट्या समाजात सगळ्यांना सगळं माहिती असतं, कोणाचं लग्न मोडलं, कोण ट्रस्टींशी भांडलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असं काही आलं की उत्तर देऊ नका, इमोजीसुद्धा टाकू नका. नवीन माणसाला दोन्ही गटांचे लोक आपल्या बाजूला ओढायला बघतात, तुम्ही चहा दोघांकडे प्या आणि एकाकडचं दुसरीकडे नेऊ नका.

कोणी गेलं तर दफन शक्य तितक्या लवकर होतं, निरोप आला की निघायचं. पुढचे सात दिवस घरचे लोक बसून असतात, त्यांनी स्वयंपाक करायचा नसतो, पहिलं जेवण बाहेरच्यांनी आणायचं, त्यात उकडलेली अंडी असतात. तिथे गेल्यावर आधी बोलायला सुरुवात करू नका, घरचा माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं.

सण आणि मलिदा

साध्या शनिवारी दोन-चार वेळा येऊन गेलात की मग सणाला खुशाल या. घरी आजी जी नावं घेते, नव्याचा सण, बिरड्याचा सण, ती इथे रोश हशाना, तिशा बआव अशी ऐकू येतील. यॉम किप्पुरला पांढरे कपडे, २५ तासांचा उपास. पुरिमला मात्र मुलांना घेऊन या, मेगिल्ला (एस्तेरची गोष्ट) वाचताना त्यातल्या दुष्ट हामानचं नाव आलं की पाय आपटून गोंधळ घालायचा असतो आणि त्या दिवशी कोणी गप्प बसा म्हणत नाही.

मलिदा फक्त आपला. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, बाजूला पाच फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं. नवीन घर, लग्न, नवस फेडायचा, नोकरी लागली, कशालाही करतात. तुम्हाला पुण्यात नोकरी लागली असेल तर आईला सांगा, इथेच घालू, ताटं धरायला माणसं मिळतील.

ज्यू नसलेले मित्र

त्यांना आणायचं तर आधी विचारा, आणि शनिवारी नाही, इतर दिवशी परवानगी काढून. इमारत बघायची असते बहुतेकांना, फोटोला परवानगी वेगळी. कोणी विचारतं आम्हाला ज्यू होता येईल का, तर आपण प्रचार करत नाही, धर्मांतर करायला कोणाला बोलावत नाही, सगळ्या माणसांसाठी नोहाचे सात नियम पुरेत असं आपली शिकवण सांगते. पण शिकायला, गप्पा मारायला कोणाला ना नाही.

पहिल्या महिन्यात एवढं करा

स्वतःचा नंबर आणि कुठे राहता ते सेक्रेटरीकडे द्या. रक्तगटही द्या. गाडी असेल तर कोणा म्हाताऱ्या माणसाला शनिवारी नाही पण सणाच्या आदल्या दिवशी सोडायला याल का ते सांगून ठेवा. आणि येणार म्हणून सांगितलंत आणि येता येत नसेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत मेसेज टाका, म्हणजे दहावा माणूस दुसरीकडून बोलावता येतो, शनिवारी सकाळी फोन कोणी उचलत नाही.